अकरा तास चाळीस मिनिटं

१८ एप्रिल १९९४, सोमवार

सुटले. प्रोजेक्टच्या परीक्षेचा पहिला दिवस पार पडला.

आठच्या आठ मशीन चालू राहिली. लाईट एकदाच गेली, तीही जेवणाच्या सुट्टीत. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये एसी — मुलं घामाने थबथबलेली आत येतात आणि दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात. एक्सटर्नल परीक्षक जळगावहून आलेत, बेंडाळे सर. पन्नाशीचे, शांत. चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचतात. थर्ड इयरचे पंधरा प्रोजेक्ट आज झाले. उद्या बारा. त्यात तीन मुली.

मला त्यांनी एकदाही मशीनवर बसायला सांगितलं नाही. काही अडलं की कोठावदे सर, आमचे विभागप्रमुख, स्वतःच पुढे होत होते. मी गाईड म्हणून फायली हातात घेऊन बाजूला उभी. हायसं वाटलं. का ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

आज एक प्रकार झाला.

हंसा गिरासे. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली, हॉस्टेलवर राहते. वर्गात मागच्या बाकावर, विचारल्याशिवाय बोलत नाही. तिचा प्रोजेक्ट — शाळेचं वेळापत्रक. आठ वर्ग, अकरा शिक्षक. कुठल्याही तासाला एक शिक्षक दोन वर्गांवर येता कामा नये, गणित शेवटच्या तासाला नको, असल्या अटी. नावं आणि अटी भरायच्या, की कॉम्प्युटर पूर्ण वेळापत्रक मांडून देतो. बाकी पोरांनी लायब्ररीची पुस्तकं नाहीतर मार्कशीटची बेरीज केली आहे. हिचा प्रोग्राम चौदाशे ओळींचा. फ्लॉपी घातली, चालवला, चार मिनिटांत आठही वर्गांचं वेळापत्रक स्क्रीनवर. एकही चूक नाही.

बेंडाळे सरांनी वेळापत्रक वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "कोणी लिहून दिला?"

हंसा म्हणाली, "मी लिहिला सर."

"घाबरू नकोस. भाऊ इंजिनियरिंगला आहे का? कोणी ओळखीचं?"

"नाही सर."

कोठावदे सरांनी झुलालभाऊंना लॅबचं रजिस्टर आणायला लावलं. झुलालभाऊ लॅबचे अटेंडंट. कोण किती वाजता बसलं, किती वाजता उठलं, मिनिटांसकट लिहून ठेवतात. त्यांनी वर्षाची बेरीज केली. बाकी मुलांचे नव्वद तास, एकशेदहा तास. हंसा गिरासे — अकरा तास चाळीस मिनिटं.

"अकरा तासांत तर टाइपसुद्धा होणार नाही नीट," कोठावदे सर म्हणाले. "खरं सांग बाळ, कोणाची फ्लॉपी आहे? सांगितलंस तर पास करू."

ती गप्प झाली ती झालीच. पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ओठ घट्ट मिटलेले, मान खाली. बेंडाळे सर म्हणाले, "बघा, हिला स्वतःच्या प्रोग्रामबद्दल बोलता येत नाही." मार्क राखून ठेवले.

प्रोग्रामबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. हे मला घरी आल्यावर सुचतंय.

२० एप्रिल, बुधवार

कोठावदे सरांनी बोलावलं. टाइप केलेला कागद समोर ठेवला. एकच वाक्य — 'सदर विद्यार्थिनीस मी मार्गदर्शक या नात्याने प्रोजेक्टवर संगणकासमोर काम करताना पाहिलेले नाही.'

"खरं आहे ना मॅडम?"

खरं होतं. सही केली. मी तिला फसवी म्हटलेलं नाही, फक्त पाहिलं नाही एवढंच म्हटलंय. पुढचं काय ते परीक्षा कमिटी ठरवेल.

बाहेर आले तेव्हा खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपल्यावर काही आलं नाही.

२१ एप्रिल, गुरुवार

रात्री धड जेवले नव्हते, म्हणून आज सकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय व्हयनं? बठ्ठं ठीक शे ना?" ठीक आहे म्हटलं. त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी चहा पिता पिता सगळं काढून घेतलं.

हे मृदसंधारण खात्यात, दिवसभर बांधबंदिस्तीवर उन्हात फिरणारे. कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तू तिला विचारलंस का, कसा लिहिला ते?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर मी त्यांना दिलं नाही. इथे देते. कधीतरी द्यायलाच हवं.

सत्त्याऐंशी साल. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला दोघं, मी आणि एक मुलगा. पहिल्याच दिवशी गाईड म्हणाले, "तुझं अक्षर छान आहे, रिपोर्ट तू लिही. मशीनचं तो बघेल." मला वाईटसुद्धा वाटलं नाही. प्रोग्राम कसा चालायला हवा ते सगळं मी कागदावर मांडलं होतं, पायरी न् पायरी. त्याने ते बघून टाइप केला. मशीनवर तोच बसायचा. मी मागे उभी राहून वाचून दाखवायची. तोंडी परीक्षेत त्याला प्रोग्राम विचारला, मला फ्लोचार्ट. दोघांना सारखे मार्क. निकाल लागल्यावर तो सगळ्यांना सांगत होता, "प्रोग्राम माझाच, हिने बाइंडिंग केलं." मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मग इथे नोकरी लागली. लेक्चरर. विषयाची पुस्तकं पाठ, फळ्यावर कुठलाही प्रोग्राम लिहू शकते. पण मशीनसमोर एकटीने बसायचं म्हटलं की बोटं थंड पडतात. सहा वर्षं मी काही ना काही कारण काढतेय. 'सर, तुम्ही दाखवा ना.' 'अरे कोणीतरी टाइप करा, मी सांगते.' प्रत्येक टर्मला वाटतं, यंदा कळणार सगळ्यांना.

हंसाला मी विचारलं नाही, कारण मला खात्रीच होती की तिनेही तेच केलंय. मुलगी आहे, म्हणजे मागे कुठेतरी एखादा मुलगा असणार. दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडली नाही मला. मी स्वतःवरून ठरवलं.

२२ एप्रिल, शुक्रवार

विचारायला हवं होतं.

२३ एप्रिल, शनिवार

तिचे वडील आले होते. धनसिंग गिरासे, गावातल्या हायस्कुलात शिक्षक. पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, पहाटेच्या एसटीने आलेले. ऑफिसातून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

बसा म्हटलं तरी उभेच. मला वाटलं, आता हात जोडतील, मुलीच्या वर्षाचा प्रश्न आहे म्हणतील. तसलं काही नाही.

"मॅडम, ती घरी आल्यापासून बोलत नाही. मला एकच विचारायचंय. तिने लबाडी केली असेल तर मी तिला घरी बसवतो, पुढचं काही नको. आणि नसेल केली तर तसं मला सांगा. तुम्ही तिच्या गाईड. तुम्हाला माहीत असणार."

मला माहीत नव्हतं. एका शिक्षकासमोर उभं राहून हे कबूल करायला किती जड जातं! मी म्हटलं, "सर, मी तिच्याशी बोललेच नाही अजून. उद्या तुमच्या घरी आले तर चालेल?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं, मला गाडीच्या वेळा लिहून दिल्या. "दोंडाईच्याच्या स्टँडवर मी घ्यायला येतो," म्हणाले.

२४ एप्रिल, रविवार

सकाळी सातच्या गाडीने निघाले. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. दोंडाईच्याच्या स्टँडवर धनसिंग सर सायकल धरून उभे. तिथून जीप, सायकल टपावर, शेवटचं थोडं पायी.

घर साधं, पुढे ओसरी. हंसाच्या आईने पाणी दिलं आणि उंबऱ्यातच बसून म्हणाली, "मनी पोर खोटं बोलत नही, मॅडम." मग चहा टाकायला उठून गेली.

हंसा आली. नमस्कार केला, पण नजर वेगळीच होती. भीतीची नव्हे, रागाची. बरोबर होतं तिचं.

मी म्हटलं, "तुझी कामाची वही असेल तर दाखव."

ती आत गेली आणि पाच वह्या घेऊन आली. दोनशे पानी, लांबड्या. पहिलं पान उघडलं आणि मी ओसरीवरच मांडी घालून बसले. आख्खा प्रोग्राम हाताने लिहिलेला. एकदा नाही, तीन-तीनदा. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहिलंय, या वेळी या खणात कुठला आकडा असेल. पुढच्या ओळीला काय होईल. पानंच्या पानं. सबंध वेळापत्रक तिने मशीन न लावता, मशीन जसं चालवील तसं स्वतः चालवून बघितलं होतं.

"हे सगळं कागदावर का?" मी विचारलं.

आता मात्र ती बोलली. "मॅडम, लॅब पाच ते नऊ मोकळी असते. आमचं हॉस्टेलचं गेट साडेसहाला बंद. पाचला गेलं तर आठही मशीनवर मुलं बसलेली असतात, उठा कसं म्हणायचं? प्रॅक्टिकलला एका मशीनवर तिघं. की-बोर्ड मुलांकडे, मी ऑब्झर्व्हेशन लिहायची. अकरा तास मिळाले तेच झुलालभाऊंमुळे. कधी पावणेपाचला दार उघडायचे." मग म्हणाली, "आणि तुम्हीच तर शिकवलंत. मशीनला हात लावायच्या आधी कागदावर चालवून बघा. तुम्ही दरवेळी फळ्यावर तसंच करता."

मी ते का करते हे मला माहीत होतं. मान खाली घालून वही चाळत बसले.

तरी खात्री करायची होती. आता तिच्यासाठी नाही, कमिटीपुढे बोलायला तोंड हवं म्हणून. म्हटलं, "समज एक शिक्षक फक्त सकाळचे चार तास येतो. प्रोग्राममध्ये काय बदलशील?"

तिने पेन्सिल घेतली. पाऊण तास आम्ही दोघी ओसरीवर, मध्ये वही. एका ठिकाणी तिने एक अट चुकीच्या जागी लिहिली. मला दिसली, मी काही बोलले नाही. दोन ओळी पुढे गेली, थबकली, मागे आली, खोडलं. "इथे नको. इथे घातलं तर आधीचा शिक्षक अडकून बसेल." मी विचारलं, "हे मागे येऊन खोडायचं तुला कुठून सुचलं? पुस्तकात तर आपण केलं नव्हतं."

"आबा दर जूनला शाळेचं वेळापत्रक करतात. भरत जातात, अडलं की शेवटचं खोडतात, दुसरं नाव टाकून बघतात. अजून अडलं तर त्याच्या आधीचं खोडतात. मी लहानपणापासून त्यांच्याजवळ रबर घेऊन बसते. तेच कॉम्प्युटरला सांगितलं."

धनसिंग सर दारात उभे राहून ऐकत होते. हे त्यांनाही माहीत नव्हतं, चेहऱ्यावर दिसलं. मी उठले आणि त्यांना म्हटलं, "सर, तिने लबाडी केलेली नाही. प्रोग्राम तिचाच आहे. शेवटच्या ओळीपर्यंत."

ते आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

जेवूनच जा म्हणाले. भरीत, कळण्याची भाकरी. चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. वह्या पिशवीत घालून घेतल्या. हंसा सायकल हातात धरून जीपपर्यंत आली. तिला मी अजून सांगितलेलं नाही की त्या कागदावर माझी सही आहे.

२५ एप्रिल, सोमवार

कोठावदे सरांच्या टेबलावर पाचही वह्या ठेवल्या. त्यांनी वरची उघडली, दोन पानं चाळली, मिटली.

"मॅडम, वही कोणीही उतरवून काढू शकतं."

"मी काल तिच्याकडून नवीन भाग लिहून घेतलाय. माझ्यासमोर."

"तुम्ही तिच्या घरी गेलात?" त्यांना ते आवडलं नाही. "आणि बुधवारची सही?"

"ती मागे घेते. वाक्य खरं होतं, पण मी बघायला गेलेच नव्हते. तेही लिहायला हवं होतं." दुसरा अर्ज पुढे केला — हंसा गिरासेची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी, नवीन प्रश्न देऊन, कागदावर आणि मशीनवर, बाहेरच्या परीक्षकांसमोर.

सर वाईट माणूस नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझे तास स्वतः घेतले होते. पण ते म्हणाले, "तुमची पर्मनंटची फाईल मेमध्ये कमिटीपुढे जाते. मी काही म्हणत नाही. पण एका मुलीसाठी तुम्ही विचार करा. पोरगी हुशार असेल, नाही म्हणत नाही. पण हे असलं लॉजिक… मुली पाठांतराला चांगल्या असतात. तुम्हीच बघा, तुम्हीसुद्धा थिअरीच घेता."

ते बाणासारखं लागलं. तरी अर्ज ठेवून आले.

२८ एप्रिल, गुरुवार

काही कळवलेलं नाही. हे म्हणतात, धीर धर. मी धीर धरलेला नाही.

३० एप्रिल, शनिवार

बेंडाळे सरांचा जळगावहून फोन आला होता. कोठावदे सरांकडून अर्ज मिळाला. येतील पाच तारखेला. झुलालभाऊ निरोप सांगायला घरापर्यंत आले, एवढ्या उन्हात. सासूबाईंनी त्यांना ताक दिलं. ते म्हणाले, "मॅडम, रजिस्टर मी लिहितो. ते असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं मला." त्यांच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

हंसाला तार केली.

५ मे, गुरुवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

दहा वाजता सुरुवात. बेंडाळे सर, कोठावदे सर, मी. हंसा आणि तिचे वडील आदल्या संध्याकाळीच येऊन नातेवाइकांकडे राहिले होते. धनसिंग सर बाहेर पायरीवर बसले. सुट्टी असूनही सहा-सात मुलं कुठून आली कोण जाणे, काचेला नाक लावून उभी.

बेंडाळे सरांनी मी दिलेला प्रश्न घेतलाच नाही. स्वतःचा दिला. "दोन वर्ग एकाच वेळी मैदानावर जाऊ शकतात, तिसरा नाही. ही अट घाल. किती वेळ हवा?"

हंसा म्हणाली, "दोन तास. आणि कोरे कागद."

"मशीन?"

"नंतर."

कोठावदे सरांनी माझ्याकडे बघितलं. ती खाली मान घालून लिहायला लागली. एक तास, सव्वा तास. मशीन समोर चालू, ती तिकडे बघतही नाही. काचेबाहेरची मुलं कंटाळून निम्मी गेली. दीड तासाने उठली, हात पुसले आणि मशीनवर बसली. दोन बोटांनी टाइप करत होती — एक एक अक्षर शोधून. कुठून येणार वेग, अकरा तासांत? कोणीतरी बाहेर हसलं. मला त्या दोन बोटांकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

चालवला. थांबला. स्क्रीनवर चूक.

कोठावदे सरांनी घड्याळ बघितलं. हंसा स्क्रीनकडे बघत बसली नाही. कागद ओढला, बोट ठेवून ओळीमागून ओळ खाली आली. तीन-चार मिनिटं. मग म्हणाली, "कागदावर बरोबर आहे, सर. टाइप करताना एक अक्षर चुकलं." ते बदललं. पुन्हा चालवला.

आठ वर्ग. सगळे तास भरलेले. मैदानावर कुठेही दोनपेक्षा जास्त वर्ग नाहीत. बेंडाळे सरांनी पेन्सिल घेऊन एकेक तास तपासला. वीस मिनिटं लागली.

मग त्यांनी तिचे कागद मागितले, कपाळावर चष्मा सरकवून वाचत बसले, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. इथे हे का, तिथे ते का. खरे प्रश्न! हंसा बोलत होती. वर्गात कधी बोलली नव्हती एवढं. एका ठिकाणी तर सरांनाच म्हणाली, "नाही सर, तसं केलं तर खूप वेळ लागेल."

शेवटी ते म्हणाले, "बाळ, त्या दिवशी मी तुला पहिला प्रश्न चुकीचा विचारला. त्या दोन दिवसांत वीसेक मुलांना मी तो विचारला नव्हता." एवढंच. मग कोठावदे सरांकडे वळले. "रजिस्टर आणा जरा. मुलांचे शंभर तास आणि हिचे अकरा. असं का?"

"मुलींचं गेट साडेसहाला बंद होतं, सर."

"आणि लॅब कधी मोकळी?"

"पाचला."

"मग तुम्ही मोजलंत काय, तिची अक्कल की तुमचं गेट?"

पन्नासपैकी शेहेचाळीस मार्क. बेंडाळे सरांनी माझ्यासमोर आकडा लिहिला, सही केली. मी माझ्या पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले.

पायरीवरून धनसिंग सर उठले तेव्हा हंसानेच सांगितलं त्यांना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग मला म्हणाले, "मॅडम, गाडी अडीचची आहे, निघतो." त्यांचा आवाज मोकळा होता.

जाण्याआधी मी हंसाला बाजूला घेऊन त्या कागदावरच्या सहीचं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं होतं मला." मग, "पण तुम्ही घरी आलात."

घरी येऊन पंख्याखाली नुसती पडून राहिले. सगळं अंग ढिलं पडलंय. इतकं हलकं वाटायला किती दिवस झाले, आठवत नाही.

६ मे, शुक्रवार

कोठावदे सरांनी स्वतःहून बोलावलं. जुलैपासून सकाळी सात ते नऊ लॅब फक्त मुलींसाठी. प्राचार्यांशी बोलून त्यांनीच ठरवलंय. कालचं त्यांना लागलंय, पण राग धरलेला नाही. "तुम्हीच घ्यायची ती बॅच," म्हणाले.

हो म्हटलं. आनंदाने म्हटलं. जिना उतरताना लक्षात आलं — मुली असतील, मशीन असतील, आणि मी. 'सर, तुम्ही दाखवा' म्हणायला सर नसतील.

१४ मे, शनिवार

पर्मनंट केलं नाही. एक वर्ष वाढवलंय, 'पुढील वर्षी विचार करू'. यांनी विचारलं, "वाईट वाटलं?" मला वाटलं होतं, वाटेल. नाही वाटलं. नोकरी आहे. आरशात बघता येतंय.

२ जून, गुरुवार

झुलालभाऊंकडून लॅब उघडून घेतली. साफसफाई बघायची आहे म्हटलं. तीन नंबरच्या मशीनसमोर बसले. चालू केलं. कर्सरची रेघ लुकलुकत राहिली. पाच मिनिटं बसले असेन. बोटं पुढे गेली नाहीत. बंद केलं.

झुलालभाऊ म्हणाले, "झाली साफसफाई?"

झाली म्हटलं.

२० जून, सोमवार

निकाल लागला. हंसा पहिल्या वर्गात. पेढे घेऊन आली होती. कॉलेजने लॅबला तात्पुरती मदतनीस म्हणून तिलाच बोलावलंय, जुलैपासून सकाळच्या बॅचला माझ्यासोबत.

लॅबमध्ये दोघीच होतो. तिला सांगितलं. प्रोजेक्टचं, त्या पार्टनरचं, सहा वर्षांचं, सगळं. पेढ्याचा कागद हातात चुरगळत.

ती म्हणाली, "माहीत होतं, मॅडम."

"कधीपासून?"

"सेकंड इयरपासून. आम्हा सगळ्या मुलींना."

सहा वर्षं लपवलं ते कोणापासून! मला रडू येईल असं वाटलं होतं, हसूच आलं. तीही हसली. मग तिने मशीन चालू केलं, खुर्ची मागे ओढली आणि स्वतः बाजूला उभी राहिली.

"बसा."

बसले.